अकरा चेंडू

भारतीय संघाकडून दीक्षानं उभ्या आयुष्यात अकरा चेंडू फेकले. थायलंडमधल्या एका स्पर्धेत, बेसबॉलचा सामना हातचा गेल्यावर, प्रशिक्षक सरांनी तिला फेकायला उभं केलं. पहिल्या सात चेंडूंत दोघी बाद झाल्या. पुढचे चारही बाहेर गेले. सर मैदानात आले आणि त्यांनी तिच्या हातातला चेंडू काढून घेतला.

पुढच्या वर्षी शिबिरात खांदा निखळला. मग खेळाडूंच्या कोट्यातून अकोल्याला लिपिकाची नोकरी लागली. पोरीनं नाव काढलं, असं वस्तीत सगळे म्हणाले.

आता ती एकोणतीस वर्षांची आहे. आठवडाभर अकोला, शनिवारी अमरावतीला आईकडे. तिथे बुद्ध-बाबासाहेबांच्या फोटोंखाली, फळीवर, त्या सामन्यातला एक चेंडू होता. त्याच्या शिवणीत तिथली लाल माती अडकलेली. सामन्याचा ना व्हिडिओ, ना धड फोटो. दर शनिवारी ती शिवणीवर दोन बोटं ठेवून उभी राही. कधी कधी तिला वाटे, आपण तिथे गेलोच नव्हतो. ही माती तेवढी तिथून आली.

बुद्धपौर्णिमेआधीच्या शनिवारी फळी रिकामी दिसली. चेंडू गच्चीवर परातीत वाळत होता. पांढराफेक.

"आई, हे काय केलं वं?"

"काय केलं म्हंजे? पौर्णिमा आली. फोटो पुसले, फळी पुसली. तो एकटाच मळका दिसे तितं. साबणात भिजवला, बरशानं घासला. शिवणीतली माती काही निंगे ना, मंग सुईनं काढली." केशरबाईंच्या आवाजात कौतुकाची अपेक्षा होती.

"सुईनं?"

"एकेक टाका. सारी दुपार गेली माही."

दीक्षानं चेंडू उचलला. पाणी पिऊन कातडं ताठ झालं होतं, ओंडक्यासारखं.

"पाणी कुठं टाकलं?"

"मोगऱ्याले."

तिनं कुंडीत वाकून पाहिलं. काळीच माती होती.

"ती तिथली माती होती, आई. मी खेळली तिथली."

केशरबाई परातीजवळ खाली बसल्या. "मले सांगतलं का तू कधी? मले वाटे, बक्षीस हाय." मग परात बाजूला सारत म्हणाल्या, "तुले फेकताना मी कधी पाह्यलंच नाही. तवा दोन घरची कामं होती. आता दाखव. तितं कशी फेके तू?"

"खांदा दुखते."

"एक डाव."

दीक्षा टाकीच्या भिंतीसमोर उभी राहिली. गुडघा छातीपर्यंत आला. तो अजून आपला होता. हात मात्र कानापाशी अडला. तरी तिनं फेकला. चेंडू भिंतीवर बदकन आपटला आणि घरंगळत परत आला.

"माय वं! केवढ्या जोरात!" केशरबाईंनी तोंडावर हात ठेवला. "तितंबी असाच फेके?"

तिथल्या वेगाच्या तो निम्माही नव्हता. हे सांगता आलं असतं.

"हो," दीक्षा म्हणाली. "असाच."

"मंग अजून एक फेक."

केशरबाईंनी बादली पालथी घातली आणि नीट पदर सावरून तिच्यावर बसल्या. दीक्षा वाकली, चेंडूवर हात ठेवून खांद्यातली कळ ओसरायची वाट पाहत राहिली.