दोन बोटं कागद सोडून

नाना गेल्याचं कार्ड धुळ्याला दुपारच्या टपालाने आलं आणि मी ते उलट्या बाजूने वाचलं. म्हणजे आधी शिक्का वाचला. छापील तिकिटावरचा गोल शिक्का अर्धाच उठला होता, उरलेला कोरडा गेलेला. कार्ड डोळ्यांजवळ धरून, मान वाकडी करून मी अक्षरं जुळवत उभा राहिलो. आतून बायकोने विचारलं, "कुणाचं हो?" मी ऐटीत म्हणालो, "जळगावचं. काल सकाळी टाकलेलं." मग कार्ड उलटलं. वर श्री नव्हता... अक्षर नानांच्या मुलाचं, वसंताचं. पत्राआधी शिक्का वाचायची खोड मला ज्या माणसाने लावली, त्याच्याच मरणाची बातमी मी इतका वेळ पाठमोरी धरून उभा होतो.

बायकोने बाहेर येऊन कार्ड वाचलं. डोळे पुसत म्हणाली, "आता फाडून टाका. असलं पत्र घरात ठेवू नये." मी हो म्हटलं आणि कार्ड अंगणात सायकलच्या सीटखाली जी चामडी पिशवी असते, तिच्यात ठेवलं. सायकल काही घरात नसते.

नाना माझे थोरले मावसभाऊ, जळगावला शाळेत चित्रकला शिकवायचे. तिकिटं जमवणारे लोक शिक्का कमीत कमी लागलेलं तिकीट शोधतात. नानांना शिक्काच हवा असायचा. तोही न्यूयॉर्क-लंडनचा नव्हे, खान्देशातल्या खेड्यापाड्यांचा. त्याला कारण त्यांचे वडील, बापू. बापू इंग्रजांच्या काळात टपालाचे हरकारे होते. सातपुड्याच्या पायथ्याशी आंबेपाडा म्हणून गाव आहे, तिथून शिरपूरपर्यंत टपालाची थैली पायी वाहायचे. नाना चालायला लागले न लागले तोच बापू तापाने गेले. फोटो नाही, पागोटं नाही, काठीसुद्धा उरली नाही. आंबेपाड्याचं टपाल घरही पुढे बंद झालं. नानांचा हिशेब सरळ होता. त्या वाटेवर दुसरा हरकारा नव्हता. तेव्हा बापू असतानाचं आंबेपाड्याच्या शिक्क्याचं एक तिकीट मिळालं, तर ते बापूंच्याच खांद्यावरून आलेलं असणार. "त्यांचा हात लागलेली एक वस्तू पाहिजे रे बाळू," ते म्हणाले होते. "एकच."

मावशीला, म्हणजे त्यांच्या आईला, हा उद्योग फारसा पटत नसे. नाना भिंग लावून बसले की ती दारातून म्हणायची, "काय देखस रे दिनभर? तुना बाप शे का त्याम्हा?" नाना मान वर न करता म्हणायचे, "देखी राह्यनू माय."

आता माझा पराक्रम. धुळ्यात माझ्या कचेरीसमोर डिंक, मोह, चारोळीचा घाऊक धंदा करणारे एक मारवाडी शेठजी होते. दिवाळीच्या झाडलोटीत त्यांच्या माळ्यावरून जुन्या पत्रांचं गाठोडं निघालं. डोंगरातल्या गावांहून माल धाडणाऱ्यांची पत्रं. मी ते मागून आणलं. नानांना छान स्वच्छ भेट द्यायची म्हणून तिकिटं परातीत भिजवली, अलगद सोडवली, वर्तमानपत्रावर वाळवली आणि उरलेली पाकिटं आंघोळीच्या बंबात घातली. एवढ्या शिस्तीने मी कचेरीत कधी काम केलं नाही.

जळगावला नानांनी पुडकं उघडलं आणि एका तिकिटावर थबकले. पंचम जॉर्जचा मुखडा, शिक्क्यावरचं वर्ष स्वच्छ, बापू असतानाचं. गावाच्या नावातली मात्र शेवटची तीनच इंग्रजी अक्षरं तिकिटावर होती, ए डी ए. मी लगेच ओरडलो, "नाना, कॅनडा!"

"राजा तोच आहे, बरोबर," नाना शांतपणे म्हणाले. "पण वर इंडिया लिहिलंय बाबा. आणि याचं पाकीट?"

"बंबात."

नानांनी तिकीट अलगद खाली ठेवलं. मग म्हणाले, "पाणी तरी तापलं का नीट?" अर्धा शिक्का तिकिटावर असतो, अर्धा पाकिटावर, हे तोवर माझ्या डोक्यात शिरलंच नव्हतं. त्यांनी कात्री घेऊन एका रद्दी पाकिटावर मला दाखवलं, तिकिटाच्या कडेने दोन बोटं कागद सोडून कापायचं. शाळेतल्या पोराला दाखवावं तसं.

मग त्यांनी पारदर्शक कागदावर कंपासने वर्तुळ पुरं केलं. नाव शिक्क्याच्या माथ्यावर मधोमध बसवलेलं असतं; शेवटचं अक्षर उजवीकडे जितकं खाली उतरलंय, तितकंच पहिलं डावीकडे असणार. त्यावरून नाव किती लांब ते कळतं. नाव आठ इंग्रजी अक्षरांचं निघालं. आंबेपाडा बसत होतं. पण त्या पट्ट्यातले आणखी दोन-तीन पाडेही बसत होते. मी म्हटलं, "लिहून टाका ना. कोण तपासायला येतंय?" नानांनी डिंकाची बाटली जवळ ओढली. तिकीट चिकटवहीत लावलं आणि खालची जागा कोरी ठेवली. पुढची काही वर्षं ती कोरीच होती. मी गेलो की वहीचं ते पान तेवढं मी उघडत नसे.

शेठजींनी दुकान हलवायला काढलं तेव्हा मी पुन्हा जाऊन उभा राहिलो. ते गादीवरून म्हणाले, "साहेब, मागे एक गाठोडं नेलं, आता हे दुसरं. पुढच्या खेपेला दुकान बांधून देऊ का?" एसटीत ते गाठोडं मी मांडीवर घेऊन बसलो, शेजारच्याने तंबाखूची डबी उघडली तरी मी ते पोटाशी धरायचो. त्यात आंबेपाड्याचं एक पाकीट निघालं, अख्ख्या नावाचं! पण वर्ष बापू गेल्यानंतरचं. माझं तोंड उतरलं. नानांनी मात्र भिंग लावलं आणि लावलेलंच ठेवलं. शिक्क्याची बाहेरची कड शेवटच्या अक्षराखाली जराशी तुटलेली होती. त्यांनी ती कागदावर उतरवून घेतली, वही उघडली, कागद जुन्या तिकिटावर ठेवला... तीच तूट, त्याच जागी.

"शिक्का तोच," ते म्हणाले. "हे नंतरचं दुसऱ्या कुणी आणलं असेल. पण पहिलं त्यांनीच आणलंय." मग दौत काढून, चित्रकलेच्या मास्तरच्या अक्षरात त्यांनी तिकिटाखाली गावाचं नाव लिहिलं आणि वही मावशीच्या मांडीवर ठेवली. तिने अंगठा तिकिटावर टेकवला. मग म्हणाली, "कितलं हलकं शे हाई. त्यानी थैली भलती जड राहे."

त्यानंतर नानांनी शिक्के जवळजवळ सोडलेच. मावशी गेली, आणि आता नानाही.

दिवस-पाणी आटोपून, वसंताने हाती दिलेली नानांची चिकटवही घेऊन मी जळगावहून परतलो. गेल्या रविवारी बायकोला सायकलच्या पिशवीतलं कार्ड सापडलं. ती रागावली नाही. "आता तरी," एवढंच म्हणाली. मी कात्री मागितली. शिक्क्याभोवती दोन बोटं कागद सोडून कोपरा कापला. मागची बाजू कोरीच होती, श्री असतो ती जागा. बाकीचं कार्ड फाडून तिच्या हातात दिलं.

कोपरा वहीत लावला. शिक्का अर्धाच आहे, अक्षरं अपुरी. खाली मी शाईने जळगाव लिहिलं. वर्तुळ पुरं करून पाहिलं नाही.