अपोंडीचं बोट

सरोवराकाठच्या त्या गावात अपोंडीच्या तळलेल्या माशांना तोड नव्हती, आणि तिच्या तोंडाला तर नव्हतीच नव्हती. राष्ट्राध्यक्षपदाला उभा राहिलेला माणूस याच किनाऱ्याचा. बाकी देशात त्याला विचारतो कोण? जे काही बळ, ते इथलंच. म्हणून मतदानाच्या दिवशी अपोंडी कढईपुढे बसून गिऱ्हाइकांची बोटं तपासत होती. शाई नाही, तर मासा नाही.

ओकेच नावाच्या शिंप्याच्या बोटाला शाई नव्हती. दिवसभर तापाने फणफणलो होतो, अंथरुणातून उठवेना, आत्ता कुठे ताप उतरला, असं तो काकुळतीला येऊन सांगत होता.

"तोंड नको," ती म्हणाली. "बोट दाखव."

सगळे हसले. त्या दिवसापासून ओकेचकडे कुणी कपडे शिवायला टाकेना.

आपला माणूस थोडक्यात पडला. मोजणीत घोटाळा निघाला, कोर्टाने निवडणूक पुन्हा घ्यायला लावली. पण मोजणारे हात तेच राहणार होते, म्हणून आपल्या नेत्याचा हुकूम आला, की या खेपेला कुणीच मत द्यायचं नाही. या किनाऱ्यावर एक जरी मत पडलं, तरी विरोधक म्हणणार, याच्या घरचेच फुटले. अपोंडीला तो शब्द म्हणजे देवाचा शब्द. फेरमतदानाच्या दिवशी ती उंबऱ्याबाहेर पडली नाही. तिच्या मुलाचं, ओउमाचं, तान्हं पोर तोंड येऊन तळमळत होतं. त्याच्या जिभेला ती बोटाने जांभळं औषध लावत बसली.

दुसऱ्या सकाळी ती मासे घ्यायला गेली, तर होडीवाल्या ओगोलाने टोपली मागे ओढली. तो तिच्या बोटाकडे बघत होता. बघता बघता माणसं जमली. अपोंडी धावत घरी गेली, नातवाला घेऊन आली आणि रडणाऱ्या पोराचं तोंड तिने सगळ्यांपुढे उघडून धरलं. जीभ जांभळीशार होती.

कुणी वाकूनसुद्धा पाहिलं नाही.

"तोंड नको, ओउमाची आई," गर्दीतून ओकेच शांतपणे म्हणाला. "बोट दाखव."

या वेळी कुणी हसलं नाही. दुपारपर्यंत तिची कढई सरोवराच्या तळाशी गेली होती. सून पोराला कवटाळून माहेरी निघून गेली, औषधाची बाटली तशीच राहिली.

संध्याकाळी शेजारच्या रेडिओवर नेता बोलला. माझा किनारा फुटला नाही, तिथल्या प्रत्येक माणसाचा मला अभिमान आहे, असं तो म्हणाला. अंधारात बसलेल्या अपोंडीचा ऊर भरून आला. सवयीने तिने मूठ वर केली, आणि मग कुणी पाहील म्हणून पदराखाली लपवली.