खिळ्यावरचा शर्ट

"मार्कांचं राहू दे. घरी कोण काय करतं, ते सांग."

नोकरीसाठी कुणीही समोर बसलं, की भाऊंचा पहिला प्रश्न हाच. सर्टिफिकेटं ते न बघताच उलटी ठेवायचे, चष्मा कपाळावर सरकवायचे आणि आपण मुलगी बघायला आलो आहोत अशा नजरेनं माणसाकडे बघायचे. सातपूरला झेरॉक्सच्या दुकानावर एका खोलीत त्यांचं ऑफिस होतं. कारखान्यांना माणसं आणि माणसांना कारखाने गाठून देणं हा त्यांचा धंदा. आम्ही सगळे त्यांना भाऊ म्हणायचो.

त्या प्रश्नाचं उत्तर मी पाठ करून आलो नव्हतो.

सिन्नरला आमचं एका खोलीचं घर. वडील बाजार समितीत हमाली करायचे, पाठ गेली आणि घरी बसले. आई विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं आणि तंबाखू. गोधडी, भाकरीची टोपली, माझी पुस्तकं, सगळ्यांना एकच वास. त्या वासात अभ्यास करून मी बी.एस्सी. झालो. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. हे मी मोठ्यानं सांगतो, आई तर एसटीत शेजारी बसलेल्या बाईलाही सांगते. पण वर्ष होत आलं तरी नोकरी नव्हती. चुलते म्हणायचे, "शिकून तरी काय दिवे लावले?" आणि धाकट्या बहिणीची शाळा सोडवून तिच्याही मांडीवर सूप द्यायचं बोलणं घरात सुरू झालं होतं.

"आई विड्या वळते," मी म्हणालो.

"आणि तू?"

"सकाळी थोड्या. तेवढाच तिला हातभार."

"छान. म्हणजे तुला एका जागी बसवतं," भाऊ म्हणाले आणि मग कुठे माझी सर्टिफिकेटं सुलटी केली.

त्यांनी मला एका मसाल्याच्या कारखान्यात पाठवलं. लॅबमध्ये जागा होती. प्रश्नांची उत्तरं बरी दिली. उठताना मॅनेजरसाहेब जवळ आले आणि थबकले.

"तंबाखू खातोस?"

"नाही सर."

"खिसा दाखव."

खिसा उलटा केला, तर टेबलावर तंबाखूची चिमूटभर भुकटी. सकाळी आईबरोबर बसलो होतो, त्याच शर्टावर बस पकडली होती. "इथं लोकांच्या पोटात जाणारी वस्तू बनते," एवढंच बोलून साहेबांनी दार दाखवलं.

भाऊंना येऊन हे सगळं सांगितलं. ते टेबलावरून वाकले आणि त्यांनी माझ्या कॉलरचा वास घेतला. रविवारी एसटीनं थेट सिन्नरला हजर!

आईची तारांबळ उडाली. भाऊ आपले खाली पोत्यावर बसले. "ताई, मलाही एक वळू द्या." पान फाटलं, तंबाखू सगळी पँटवर. आई पदर तोंडाला लावून हसली.

"साहेब, तुमच्यानं नाय व्हायचं हे. तुम्ही आपली माणसंच जमवा."

"तेच करतोय. कंपनीला माणूस देतो तेव्हा सोबत माझा शब्द देतो. म्हणून घर बघायला आलो."

"मंग बघितलं ना? पोरानं कधी सुपारीबी तोंडात टाकली नाय. वास माझ्या कामाचा हाय."

सोमवारी भाऊ मला घेऊन मॅनेजरसाहेबांसमोर उभे राहिले. सगळं खरं खरं सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "भाऊ, पटलं. पण माझ्या मसाल्याला कसं पटवू? वास कुठून आला, हे तो विचारणार नाही."

साहेबांचंही चूक नव्हतं. भाऊंनी मान डोलावली. "त्याची सोय माझ्याकडे. कंत्राटावर घ्या, माझ्या नावावर. एक दिवस जरी वास आला, तर दुसरा माणूस मी फुकट देईन."

सोय म्हणजे ऑफिसातला एक खिळा. त्यावर माझा कामाचा शर्ट आणि पँट. रोज सकाळी सिन्नरहून नाशिकचा सीबीएस स्टँड, तिथून सातपूर, भाऊंच्या मोरीत साबणानं हात-तोंड, कपडे बदलायचे, मग कारखाना. निघताना भाऊ खाष्ट सासूसारखी कॉलर हुंगायचे. "हं. जा." संध्याकाळी उलटा प्रवास.

लोक म्हणायचे, हा मधला माणूस हवाच कशाला? सरळ गेटवर पाटी लावावी. एकदा एका कारखान्याचे मालक माझ्यासमोरच तणतणत आले. "भाऊ, तुमची माणसं आठवड्यात पळतात!"

भाऊंनी भिंतीवरच्या एसटीच्या वेळापत्रकाकडे बोट केलं. "माणसं पळत नाहीत शेठ, त्यांची शेवटची बस पळते. तुमची पाळी अर्धा तास आधी सोडा. मग माणसं नाही थांबली, तर मला बोला."

मालक पुटपुटत गेले. पाळी आधी सुटू लागली आणि माणसं टिकली. तुम्हीच सांगा, गेटवरच्या पाटीला हे सुचलं असतं?

फी ते कंपनीकडूनच घ्यायचे. "पोरांकडून घेतली तर मी दलाल," म्हणायचे, "कंपनीकडून घेतली तर कन्सल्टंट." आणि स्वतःच खो खो हसायचे.

मला पर्मनंटचं पत्र मिळालं, तेव्हा पेढे घेऊन आधी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी पेढा तोंडात टाकला, खिळ्यावरचा शर्ट काढला आणि घडी घालून माझ्या हातात दिला.

"घरी ने."

"भाऊ, घरी वास लागेल."

"आता ते घरच्यांनी बघायचं. पर्मनंट माणसाचा शर्ट दुसऱ्याच्या खिळ्यावर शोभत नाही."

मी तो घरी नेला. आईनं सूप उचललं, धुतलं आणि अंगणात उन्हाला लावलं. तंबाखूचा डबा विडी कारखान्याच्या माणसाकडे परत गेला.

भाऊंना जाऊन आता काही वर्षं झाली. त्यांच्या खोलीत मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. मध्ये फोन घेऊन गेलो, तर खिळा तिथंच. त्याला चार्जरच्या वायरी लटकत होत्या. आमच्या कारखान्यात कंत्राटी माणसं आता मी घेतो. एजन्सीवाला आला, की मी एवढंच विचारतो, "याचं घर बघितलंत का?" बहुतेक जण गोंधळतात.

बहीण शिकली, नर्स झाली. सुपात आई आता फक्त तांदूळ पाखडते. आमच्या घरात तंबाखूचा वास येत नाही.