तलवारीच्या एक्क्याची खूण

मंगळवार, ६ ऑगस्ट १९९६. थंडी. दुपारी भोपळ्याचं सूप, मीठ कमी. चार वाजता डॉ. ग्रिनफेल्ड. पत्ते घेऊन या म्हणाल्या आहेत. पुन्हा फोन वाजला, हायदेच असणार. उचलला नाही.

नेलिदा इरिबार्ने डॉक्टरांच्या कोचावर आडवी व्हायची ती स्कर्ट गुडघ्याखाली नीट ओढून. नन्सच्या शाळेत शिकलेली बाई. खोटं बोलायचं नाही म्हणून ती डायरी बरोबर न्यायची आणि आठवड्याचा वृत्तांत वाचून दाखवायची. नवरा आन्सेल्मो गेल्याला वर्ष होत आलं होतं आणि ती रडली नव्हती. याची काळजी तिला नव्हती, मुलीला होती. ब्युनोस आयरेसमधल्या मुली आईला दातांच्या डॉक्टरकडे पाठवतात, तितक्याच सहज मनाच्या डॉक्टरकडेही.

नेलिदाला काळजी होती ती गुरुवारची. लग्नापासून दर गुरुवारी तिच्या टेबलावर पत्त्यांचा, त्रुकोचा डाव पडायचा. एका बाजूला ती आणि आन्सेल्मो, दुसऱ्या बाजूला वरच्या मजल्यावरची हायदे आणि तिचा रोहेलियो. त्रुकोत बिनधास्त खोटं बोलायचं असतं, आणि हातात काय आलंय ते जोडीदाराला चेहऱ्यानं कळवायचं असतं, समोरच्यांच्या नकळत. नन्सनी जे मना केलं होतं, ते सगळं तिला आन्सेल्मोनं एका हिवाळ्यात शिकवलं होतं. त्याची खिडकीकडची खुर्ची डुगडुगायची. तो दुरुस्त करू द्यायचा नाही. म्हणायचा, आवाजानं समोरचे बिचकतात.

त्या खुर्चीत दुसरं कुणी बसणं नेलिदाला सोसत नव्हतं. आणि हायदेनं जिन्यातच सांगून टाकलं होतं :

"अगं, माझा दीर तयार आहे बसायला. या महिन्यात नाही जमलं तर आम्ही क्लबात जाऊ. तुझी वाट बघता बघता म्हातारे झालो."

"ते तुम्ही आधीपासूनच होता," नेलिदा म्हणाली होती. पण गुरुवार गेला, तर आठवडाभर तिची बेल वाजवायला येणारं दुसरं कुणी नव्हतं.

मंगळवारी डॉक्टरीणबाईंनी कोचासमोर स्टूल ओढलं. "आज डायरी राहू द्या. पत्ते वाटा पाहू."

"याचे पैसे घेणार तुम्ही?"

"नेहमीएवढेच."

"आणि येतं का तुम्हाला?"

"आजीनं शिकवलंय. वाईट खेळते."

त्या खरंच वाईट खेळत होत्या. नेलिदानं हातात काही नसताना "त्रुको!" म्हणून डाव वाढवला, आणि बाईंनी घाबरून डाव सोडला. नेलिदाला बरं वाटलं. मग तिच्या हातात तलवारीचा एक्का आला. त्याच्याहून मोठा पत्ता नाही. आणि तिच्या भुवया वर गेल्या, त्या एक्क्याची ठरलेली खूण.

"गेले मी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि पत्ते खाली ठेवले.

"तुम्ही माझी खूण चोरलीत!"

"तुम्ही करत होता, मी बघत होते."

"ती तुमच्यासाठी नव्हती."

"मग कुणासाठी? आपण दोघीच खेळतोय."

नेलिदानं मान वळवली. भुवया ज्या बाजूला गेल्या होत्या तिथे खिडकी होती आणि एक कुंडी. दोघांच्या डावात खूण नसते. हे तिला आन्सेल्मोनंच पहिल्या दिवशी सांगितलं होतं.

"त्यानं बघितलं नाही," ती म्हणाली.

"नाही."

"एवढा मोठा पत्ता होता हो."

मग ती रडायला लागली. आवाज तिच्या मते अशोभनीय होता. मध्येच तिनं विचारलं, घरी जाऊन रडलं तर चालेल का. बाई म्हणाल्या, वेळ अजून आहे, पैसे भरलेच आहेत. ते तिला पटलं.

निघताना तिनं पत्ते मोजून डबीत भरले. "तुमच्या भुवया फार हलतात," ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली. "खेळताना सांभाळा."

घरी पोचल्यावर तिनं हायदेला फोन लावला.

"दिराला घेऊन ये. खुणा येतात ना त्याला?"

"येतात गं. ओठ जरा जास्तच चावतो."

"चावू दे. मी बघेन."

संध्याकाळी तिनं डायरीत पुढे लिहिलं : साखर संपली. खिडकीकडच्या खुर्चीच्या पायाखाली पुठ्ठा घडी करून घातला. आता डुगडुगत नाही.