विचारणाऱ्या गांगुर्डे बाई

शेअर रिक्षात गांगुर्डे बाई शेजारी येऊन बसल्या की माणसाची सुटका नसे. नाशिक रोड स्टेशनपासून आमच्या शाळेपर्यंत दहा मिनिटांचा रस्ता. तेवढ्यात त्या शेजारच्या अनोळखी माणसाला गाठत. "दादा, समजा तुम्ही पहिलीला शिकवताय. 'घ' आणि 'ध' पोरांना सारखेच दिसतात. काय कराल?"

माणूस गडबडून जाई. "मी कुठं मास्तर, बाई?"

"म्हणून तर विचारते. मास्तरांना विचारून झालंय."

आणि गंमत म्हणजे लोक सांगत. भाजीवाली सांगे, बँकेतला शिपाई सांगे, गॅसची टाकी टाकायला आलेला माणूस जिन्यात टाकी टेकवून सांगे. बाई ते पर्समधल्या वहीत उतरवून घेत आणि त्या माणसाला आमंत्रण देत, "बुधवारी करून बघणार आहे. बघायला यायचं हं. जमलं ते तुमचं, फसलं ते माझं."

मी देवळ्याहून बदली होऊन या शाळेत आले, तेव्हा माझ्याकडे दुसरी होती आणि शेजारच्या वर्गात बाईंची पहिली. मधली भिंत प्लायवूडची, आणि बाईंचा आवाज असा की तो पार रिक्षा स्टँडपर्यंत जायचा. पहिल्याच सकाळी पलीकडून घंटीचे दोन ठोके आले आणि पाठोपाठ चाळीस पोरं ओरडली, "चला पुढे!" मी डोकावले. बसकरं बसच्या सीटांसारखी मांडलेली, भिंतीवर 'क', 'म', 'ल' असे थांबे, आणि अक्षर ओळखल्याशिवाय कुणाला उतरता येत नव्हतं. ही कल्पना देवळाली कॅम्पच्या बसवरच्या एका कंडक्टरची. तो सुट्टीच्या दिवशी मुद्दाम गणवेश घालून आला होता आणि मागे भिंतीला टेकून उभा होता. "माझ्या स्वतःच्या पोरांना मी कधी काय शिकवलं नाय, मॅडम," तो मला म्हणाला, "लय बरं वाटलं."

मला मात्र हा सगळा पोरखेळ वाटला. मी नियोजनाप्रमाणे शिकवणारी, टाचणवही वेळच्या वेळी भरणारी. एकदा बाईंनी मलाच धरलं. लहान-मोठा कसं शिकवू? मी कंटाळून म्हणाले, "आमच्याकडे कांदे निवडतात तसं करा. गोल्टी एकीकडे, मोठा कांदा दुसरीकडे." मी थट्टेत म्हटलं होतं. बाईंनी दुसऱ्या दिवशी कांद्याची अर्धी गोणी आणली.

निवडणं छान झालं. मग एका मुलीच्या डोक्यात आलं, की मोठ्या कांद्याच्या आत लहान कांदा असतो, त्याच्या आत त्याहून लहान, तर सगळ्यात लहान कांदा कुठे आहे? आमच्या देवळ्यात कांद्यावर वाढलेल्या मला हे सुचलं नव्हतं. चाळीस पोरं कांदे सोलायला बसली. पाच मिनिटांत पहिली रडत होती, दहा मिनिटांत प्लायवूडपलीकडची माझी दुसरीसुद्धा. मुख्याध्यापक नाकाला रुमाल लावून आले. "ही कुणाची अक्कल?"

"माझीच," बाई डोळे पुसत म्हणाल्या. माझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. त्या दिवसापासून मी त्यांच्या डब्यात जेवायला लागले.

दिवाळीच्या सुट्टीनंतर बाईंचा आवाज बसला. आधी आम्ही हसण्यावारी नेलं, ज्येष्ठमध चघळायला दिला. पण डॉक्टरांनी घशात नळी घालून बघितलं आणि सांगितलं, स्वरयंत्रावर गाठी आहेत. दीड महिना एक शब्द बोलायचा नाही, कुजबुजायचंही नाही. त्यानंतर किती आवाज उरेल ते तेव्हाच कळेल.

मुख्याध्यापक म्हणाले, रजा घ्या, पहिली-दुसरी एकत्र बसवू. म्हणजे ऐंशी पोरं माझ्या एका खोलीत. ज्यांना नुकती अक्षरं जोडता यायला लागली होती ती पहिलीची पोरं त्या गर्दीत मागे पडणार, हे आम्हा दोघींना कळत होतं. बाईंनी पाटीवर लिहून दाखवलं, "मी येणार." सर म्हणाले, "बघू. पालकांची तक्रार आली तर मला वर्ग एकत्र करावाच लागेल." तक्रार यायला वेळ लागणार नव्हता. फाटकाशी एक पालक म्हणालाच, "मुकी बाई काय शिकवणार?"

बाईंनी काय केलं, तर त्याच फाटकावर पुठ्ठा टांगला. 'पहिलीच्या बाईंना दीड महिना बोलता येणार नाही. न बोलता कसं शिकवावं? सुचेल त्याने आत येऊन सांगावे.'

लोक आले. कॅम्पातल्या एका लष्करी हवालदाराची बायको आली, तिनं हातवाऱ्यांचे हुकूम शिकवले. "दीदी, परेड में आवाज़ कम, नज़र ज़्यादा लगती है." नोटांच्या प्रेसमधून रिटायर झालेले जाधव काका आले. छापलेल्या कागदातली चूक शोधणं हेच त्यांचं आयुष्यभराचं काम. "बाई, तुम्ही फळ्यावर चुका," ते म्हणाले, "पोरं पकडतील. बरोबर लिहिलेलं कोणी नीट बघत नाही." बाई फळ्यावर 'पतंग' लिहायच्या आणि अनुस्वार गाळायच्या. पोरं ओरडत उठायची, "चुकलं, चुकलं!" जाधव काका मागे बसून मान डोलवत. दुसऱ्या आठवड्यापासून ते रोजच यायला लागले.

मी भिंतीपलीकडून ऐकत असे. बाईंचा आवाज नव्हता, पण खडूचा होता, आणि मग पोरं एकदम वाचायची. त्यांना सांगायला कुणी नव्हतं, म्हणून बाईंनी लिहिलेलं वाचल्याशिवाय त्यांचं पानही हलत नव्हतं. पाणी प्यायला जायचं तरी वाचायचं. डिसेंबर सरत आला, तरी तक्रार आली नाही. फाटकाशी 'मुकी बाई' म्हणालेला तो गृहस्थ स्वतःच्या मुलीला बोटाला धरून दुकानांच्या पाट्या वाचत जाताना मी पाहिला.

दीड महिन्यानं बाई डॉक्टरांकडे गेल्या. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत माझ्याजवळ बसल्या आणि बोलल्या. कागद चुरगळावा इतकाच आवाज. पुढच्या रांगेतसुद्धा पोहोचला नसता.

"एवढाच राहणार म्हणतात," त्या म्हणाल्या. "दीड महिना पोरांना गंमत वाटली गं, वैशाली. पण गोष्ट कशी सांगू? कविता कशी म्हणू? रडणाऱ्याला काय, पाटी दाखवू?" आणि त्या रडल्या. कांद्याचा दिवस सोडला तर मी त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं. "मुदतीआधी सुटका मागावी म्हणते. रिटायर व्हायला अजून दीड वर्ष आहे. कुणाला विचारू आता? सगळ्यांना विचारून झालं."

मी म्हणाले, "पोरांना विचारलंत?"

त्यांनी नाही म्हणून मान हलवली. एकतीस वर्षं अख्ख्या नाशिक रोडला विचारत हिंडलेल्या बाईंनी ते केलं नव्हतं.

मधली सुट्टी संपली. मी माझ्या वर्गाला गणित घातलं आणि दारात जाऊन उभी राहिले. बाईंनी फळ्यावर लिहिलं, 'माझा आवाज आता एवढाच राहणार. काय करू या?' लिहून त्या खुर्चीत बसल्या. पहिलीची पोरं एकेक अक्षर जोडत वाचायला लागली. 'आवाज'पाशी जरा अडखळली, पण वाचलं. सगळं वाचलं. मग गलका झाला. एकानं आलं खायला सांगितलं, एकानं मामाच्या मंडपातला माइक आणतो म्हणून सांगितलं. बाई मान हलवून ऐकत होत्या, पण त्यांचा चेहरा पडलेलाच होता.

माही नावाची एक मुलगी मागे बसली होती. ती उठली, आपलं बसकर ओढत पुढे आली, बाईंच्या पायाशी टाकलं आणि बसली.

"आम्ही जवळ बसतो ना," ती म्हणाली.

मग चाळीस बसकरं फरशीवरून ओढली जायला लागली. ढकलाढकली झाली, एक जण बाईंच्या खुर्चीखाली शिरला, दोघी जणी त्यांच्या गुडघ्यांना चिकटल्या. दारातून मला बाई दिसेनाशा झाल्या, नुसती डोकी दिसत होती. मग एकदम शांतता झाली. आमच्या शाळेच्या पहिलीत तशी शांतता मी त्याआधी ऐकली नव्हती. त्या शांततेत बाई गोष्ट सांगायला लागल्या. मला दारात एक शब्द ऐकू येत नव्हता, आणि पोरं हसत होती.

बाईंनी ती दीड वर्षं पूर्ण केली. गेल्या श्रावणात त्या वारल्या. पहिली आता माझ्याकडे आहे. माझा आवाज चांगला खणखणीत आहे, पण मी हळूच बोलते.