शून्याच्या मागची रेघ

वजनमापे खात्यात तीस वर्षं निरीक्षक असलेल्या त्या गृहस्थांना सगळे रत्तीसाहेब म्हणत. रत्तीभर फरकही त्यांच्या नजरेतून सुटत नसे, म्हणून एका सराफाने चिडून ठेवलेलं हे नाव पुढे कायमचं चिकटलं. पारड्याखाली लावलेलं मेण, आतून पोखरून बुजवलेली वजनं, मधूनच कापून जोडलेल्या मोजपट्ट्या, काय काय त्यांनी पकडलं होतं. निवृत्तीनंतर पकडायला कोणी उरलं नाही, पण सवय उरली. सासऱ्यांनी आपली जुनी, गोल दिव्यांची मोटार त्यांना दिली, तेव्हा इतकी जपलेली गाडी अशी सहज कोण देतं, कुठंतरी पाणी मुरतंय, असं ते बायकोला म्हणाले.

"मुलगी दिली तेव्हा नाही आली शंका?" बायकोने विचारलं.

त्याच गाडीचा ब्रेक एके सकाळी दगडासारखा घट्ट झाला. चौकात ती थांबवायला साहेबांना दोन्ही पाय लावावे लागले. एका सायकलवाल्याने मागे वळून त्यांच्या वयाचा मुलाहिजा न ठेवता चार शब्द सुनावले. साहेबांचा संशय लगेच मिस्त्रीवर गेला. महिन्याभरापूर्वीच त्याने ब्रेकचे पॅड बदलले होते. गिऱ्हाईक परत यावं म्हणून त्यानेच काहीतरी करून ठेवलं असणार.

गल्लीच्या टोकाला मिस्त्रीचं पत्र्याचं गॅरेज होतं. पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. त्याने इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबायला लावलं, मग पाय तसाच दाबून धरायला सांगून इंजिन चालू केलं. आता पेडल थोडं खाली जायला हवं, तो म्हणाला. ते जागचं हललं नाही. साहेबांनी हीच परीक्षा स्वतः आणखी दोनदा केली. मग मिस्त्रीने बॉनेटखालची जाड रबरी नळी काढली आणि तिच्या तोंडाशी बोट लावायला सांगितलं. बोट आत ओढलं गेलं. म्हणजे इंजिनाची ओढ आणि नळी दोन्ही ठीक होत्या. नळी परत बसवून पेडल दाबलं की मात्र पायाशी फुस्स असा आवाज येत होता.

"बूस्टर गेलाय," मिस्त्री म्हणाला. तो पत्र्याचा गोल डबा इंजिनाच्या ओढीने पायाला जोर देतो. त्याच्या आतला रबराचा पडदा फाटला होता. पॅडचा त्यात काही संबंध नव्हता.

साहेबांना पटलं, आणि पटलं म्हणूनच खटकलं. मिस्त्री पाना आणायला वळला, तेव्हा त्यांनी खिळ्याने त्या डब्यावर पाठीमागे एक बारीक फुली ओढून ठेवली. हाच डबा रंगवून नवा म्हणून बसवायला नको.

दोन दिवसांनी नवा बूस्टर आला. खोक्याची पट्टी दोनदा चिकटवलेली दिसली, तेव्हा साहेबांचे डोळे बारीक झाले. दुकानातच उघडून पाहिला होता, असं मिस्त्रीने सांगितलं. साहेबांनी नवा डबा उलटापालटा करून पाहिला. फुली नव्हती. मग ते स्टुलावर बसून डोळ्यांत तेल घालून पाहत राहिले. मिस्त्रीने ब्रेकचं तेल ढकलणारा मास्टर सिलिंडर नळ्यांसकट अलगद पुढे सरकवला, डॅशबोर्डखाली पाठीवर झोपून चार नट काढले, जुना डबा उतरवला. नव्याच्या पुढे आलेल्या दांड्याची लांबी व्हर्नियर कॅलिपरने मोजून गाडीच्या माहितीपुस्तकातल्या आकड्याला लावली आणि सगळं परत जोडलं.

पेडल लोण्यासारखं झालं. पण एक फेरी मारून आल्यावर पुढच्या चाकांपाशी हात नेववेना आणि जळका वास येत होता. पाय काढला तरी ब्रेक पूर्ण सुटत नव्हता. मिस्त्रीही चक्रावला. दांडा लांब राहिला की तो ब्रेक सतत दाबून धरतो आणि असं होतं, पण त्याने तर तो मोजून लावला होता.

"कशाने मोजलात ते द्या इकडे," साहेब म्हणाले.

त्यांनी व्हर्नियरचे जबडे पूर्ण मिटवले आणि तो उजेडात धरला. शून्यावर यायला हवी ती रेघ शून्याच्या मागे गेली होती. जबडे झिजले होते. हे हत्यार प्रत्येक माप कमी सांगत होतं, म्हणून दांडा अर्धा मिलिमीटर लांब राहिला होता.

"हा असा कधीपासून आहे?" साहेबांनी जुन्या करड्या आवाजात विचारलं.

मिस्त्रीने स्वतः जबडे मिटवून पाहिले. त्याचा चेहरा उतरला. "मला माहीत नव्हतं, साहेब. याच महिन्यात आणखी दोन गाड्या केल्यात याने."

'माहीत नव्हतं' हे वाक्य साहेबांनी नोकरीत शेकड्यांनी ऐकलं होतं आणि एकदाही खरं मानलं नव्हतं. पण मिस्त्री सफाई देत बसला नाही. ग्रीसच्या हातानेच फोन काढून त्याने पहिल्या गिऱ्हाइकाला सांगितलं की गाडी चालवू नका, मी येतो, चूक माझी आहे. साहेब पाहत राहिले. एका म्हाताऱ्या धान्यवाल्याची त्यांना आठवण झाली. साहेबांनीच भरलेल्या खटल्यानंतर त्याने दुकान बंद केलं होतं. त्याचंही वजन नुसतं झिजलेलं होतं की काय?

साहेबांनी घरून आपला व्हर्नियर आणला. त्यावर मोजून मिस्त्रीने दांडा पुन्हा लावला. या वेळी चाकं गार राहिली.

जेवताना त्यांनी बायकोला त्या धान्यवाल्याबद्दल सांगितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. तिने ऐकून घेतलं, चेष्टा केली नाही.

तिसऱ्या दिवशी साहेब काही काम नसताना गॅरेजकडे गेले. ज्या दुसऱ्या गाडीच्या मालकाला मिस्त्रीने त्यांच्यासमोर फोन केला नव्हता, ती खरंच आली का, ते पाहायचं होतं. ती पुढची चाकं उतरवून दारातच उभी होती, आणि मिस्त्री तिच्या डॅशबोर्डखाली पाठीवर पडला होता.