मागची भिंत

जीवराम फिटरइतका कागदाला भिणारा माणूस सगळ्या धुळ्यात शोधूनही सापडला नसता. बेचाळीस साली त्याला सरकारी जागेचा तीस वर्षांचा भाडेपट्टा मिळाला. त्यात अट होती : पक्कं बांधकाम करू नये. ही अट गल्लीतल्या सगळ्यांच्याच पट्ट्यात होती. शेजारच्या माणकचंद शेटनं तिच्याकडे ढुंकूनही न बघता दुमजली विटांचं घर उठवलं. जीवरामनं मात्र मातीचं धाब्याचं घर घातलं आणि दरवर्षी मृगाआधी धाब्यावर खारी माती पसरत राहिला.

त्याची बायको धुरपदाबाई कुरकुरायची. "बठ्ठी गल्लीनी पक्कं बांधं, आपलंच घर मातीनं शे!"

"करारमा लिखेल शे," एवढं जीवराम म्हणायचा आणि विषय संपायचा. खरं सांगायचं तर हे म्हणताना त्याची मान जरा ताठच व्हायची. असला ताठा बायकोच्या जिवावरच परवडतो. पावसात गळणाऱ्या पाण्याखाली भांडी मांडत रात्र काढायची ती धुरपदाबाईनं.

दिवाळी ते होळी तो शिंदखेड्याच्या कापसाच्या जिनात यंत्रं सांभाळायला जाई. पंचावन्नच्या होळीला परतला तर मागची भिंत नव्यानं लिंपलेली. अवकाळी पावसात जुनी बसली, म्हणून नेरहून भाऊ उखर्डूला बोलावून परत घातली, असं धुरपदाबाईनं सांगितलं. जीवरामनं मान डोलावली. पण मग तिच्या मोकळ्या मनगटांकडे त्याचं लक्ष गेलं. माहेरचे चांदीचे गोठ पांझरेवर धुणं धुताना वाहून गेले होते म्हणे. यावर तो दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी जेवला, पण टोमणा कायमचा जिभेवर बसला : "हातमातलं संभाळता येत नही तुले!" वाटी पडली, दोर सुटला, की हे ठरलेलं.

ती भिंत पुढं कधी खचली नाही. बाकीच्या तिन्हींना दरवर्षी डागडुजी लागायची, हिला नुसता शेणाचा हात पुरायचा. "माती मळायची रीत मी शिकवली होती," असं जीवराम चारचौघांत सांगायचा. धुरपदाबाई खाली मान घालून भाकरी थापायची.

अडुसष्ट साली तापाचं निमित्त होऊन ती गेली. मुलगा वरणगावच्या कारखान्यात, दोन खोल्यांचं क्वार्टर, चार पोरं. तो "आबा, या" म्हणायचा. सून काही म्हणायची नाही. जीवरामला काय ते समजायचं. उरलेले दिवस काढायला त्याला हेच घर होतं.

बहात्तर साली पट्ट्याची मुदत संपली. पावसानं तोंड फिरवलेलं, आणि जीवराम भर उन्हात पाय ओढत कचेरीत खेटे घालतोय. कधी साहेब दौऱ्यावर, कधी फाईल वर. शेवटी एकदा कारकुनानं तोंड उघडलं. "आता पक्कं घर असेल त्याचीच मुदत वाढते, आबा. कच्चं असेल तर जागा परत."

"पण साहेब, करारमा लिखेल शे..."

"करार जुना झाला. हुकूम नवा आहे."

तीस वर्षं पाळलेल्या अटीचं हे फळ! जीवरामला राग यायला हवा होता, पण राग यायलाही अंगात काही लागतं. तो कचेरीच्या पायरीवर बसून राहिला आणि शिपायानं उठवल्यावर घरी गेला.

आठवड्यानं तपासणीला माणूस आला. हातात लोखंडी सळई. समोरच्या भिंतीत खुपसली, माती भुरभुरली, लिहिलं, कच्ची. डावी, कच्ची. उजवी, कच्ची. जीवराम दारातूनच बघत होता. त्यानं मनातल्या मनात भांडी बांधायला घेतली होती.

मागच्या भिंतीवर सळई टणकन वाजली.

त्या माणसानं पुन्हा मारली. शेणाचा पोपडा गळून पडला आणि आतून लाल भाजकी वीट दिसली. दुसरी दिसली. मधे सिमेंटची रेघ.

"ही तर पक्की आहे की! कोणी बांधली?"

जीवराम जवळ आला. विटेवरून हात फिरवत म्हणाला, "घरमालकिणीनं."

"एक भिंत पक्की असली तरी हुकमात बसतं. वाढेल मुदत." त्या माणसानं लिहिलं, सही घेतली आणि तो पुढच्या घराकडे गेला.

जीवरामनं सवयीनं उघडी पडलेली जागा लिंपायला माती भिजवली. मग हात तसाच राहिला. इतक्या विटा, सिमेंट, उखर्डूची मजुरी. कुठून आणलं तिनं? आणि पांझरेवर वाहून गेलेले गोठ त्याच्या डोळ्यांपुढं आले.

तो भिंतीला टेकून खाली बसला आणि रडला. शेवटच्या तापात तिच्या हातून पाण्याचा पेला निसटला होता, तेव्हाही तो तेच बोलला होता.